एकोणिसावा इलेक्ट्रॉन

रविवारच्या मराठी शाळेनंतर आमच्याकडे चार-पाच मुलं अर्धा तास जास्त थांबतात. पालकांच्या आवराआवरीत आणि गप्पांत तेवढा वेळ जातोच, म्हणून मी मुलांना विज्ञानातलं काहीबाही दाखवत बसते. मध्यंतरी आठवीतल्या एका मुलीने वही पुढे केली. शाळेत शिकवलेला नियम तिने नीट लिहिला होता : पहिल्या कवचात जास्तीत जास्त २ इलेक्ट्रॉन मावतात, दुसऱ्यात ८, तिसऱ्यात १८, चौथ्यात ३२. त्याखाली पोटॅशियमची रचना होती : २, ८, ८, १.

"मावशी, तिसऱ्या कवचात अजून दहा जागा रिकाम्या आहेत ना? मग एकोणिसावा इलेक्ट्रॉन तिथे न बसता चौथ्यात का गेला?"

मी तोंड उघडायच्या आत गाडीची किल्ली हातात घेऊन उभे असलेले तिचे वडील म्हणाले, "अगं, ते पुढे शिकवतील. आत्ता एवढं लक्षात ठेव म्हणजे झालं."

माणूस भला आहे, इंजिनिअर आहे, मुलीच्या अभ्यासाकडे आपल्यापैकी अनेकांपेक्षा जास्त लक्ष देतो. त्यांना मी दोष देणार नाही, कारण मला नववीत हेच उत्तर मिळालं होतं, याहून कमी शब्दांत : "तसंच असतं, लिहून घे." मी लिहून घेतलं. बोर्डात रसायनाचे सगळे गुण मिळवले. एकोणिसाव्या इलेक्ट्रॉनचं खरं कारण कळलं ते थेट एमएस्सीच्या पहिल्या वर्षी, आणि तेव्हा आनंदापेक्षा चीडच जास्त आली. एवढंच होतं, तर तेव्हा का नाही सांगितलं?

त्यामुळे आज जरा भांडायला बसले आहे. माझं म्हणणं असं, की आवर्तसारणीच्या अख्ख्या प्रकरणातला सगळ्यांत चांगला प्रश्न तो आहे, आणि नेमका तोच आपण "पुढे" ढकलतो. त्याच्याऐवजी मुलांच्या हातात काय देतो? ११८ मूलद्रव्यांचं पोस्टर, फ्लॅशकार्ड आणि गाणं. टॉम लेहररचं १९५९ सालचं ते प्रसिद्ध गाणं मलाही आवडतं. पण त्यात मूलद्रव्यं यमकाच्या सोयीने येतात, सारणीच्या क्रमाने नव्हे. गाणं पाठ असलेल्या मुलाला सोडियमखाली पोटॅशियम का, हे विचारून बघा.

आता जरा मागे जाऊ. इलेक्ट्रॉन सापडायच्या कितीतरी आधी लोकांना या सारणीचा वास लागला होता. १८२९ साली डोबेरायनरने दाखवलेली त्रिकं तुम्हाला शाळेतून आठवत असतील : लिथियम ७, सोडियम २३, पोटॅशियम ३९. पहिल्या आणि तिसऱ्याच्या अणुवस्तुमानांची सरासरी काढा, मधला येतो. न्यूलँड्सने १८६५ मध्ये अष्टकांचा नियम मांडला, म्हणजे सा रे ग म सारखं आठव्या घरी पुन्हा त्याच गुणधर्माचं मूलद्रव्य. आपल्या पाठ्यपुस्तकात हे सप्तकासकट असतं. पाठ्यपुस्तकात नसतं ते हे, की लंडनच्या केमिकल सोसायटीत एका सभासदाने त्याला खवचटपणे विचारलं होतं, मूलद्रव्यं वर्णानुक्रमे लावून पाहिलीत का? आजचं पोस्टर पाहिलं की मला तो सभासद आठवतो. मूलद्रव्यांची यादी आणि मूलद्रव्यांची सारणी यांतला फरक त्याला दिसला नव्हता, आणि आपल्या मुलांना तो आपण दाखवत नाही.

मेंडेलीव्हने १८६९ मध्ये ६३ मूलद्रव्यं मांडली तेव्हा खरी हिंमत मांडणीत नव्हती, मोकळ्या सोडलेल्या घरांत होती. ॲल्युमिनियमखाली काहीतरी हवं, सिलिकॉनखाली काहीतरी हवं, असं म्हणून त्याने त्यांना एका-ॲल्युमिनियम, एका-सिलिकॉन अशी नावं देऊन टाकली. हा "एका" म्हणजे आपला संस्कृत "एक". (इथे एक कंस टाकते, कारण व्हॉट्सॲपवर हे दर सहा महिन्यांनी येतं. संस्कृत अंक त्याने वापरले, हे खरं. संस्कृत वर्णमालेच्या मांडणीवरून त्याला सारणी सुचली, हा काही अभ्यासकांचा तर्क आहे, आणि तर्क म्हणून तो वाचायला छान आहे. "आवर्तसारणी पाणिनीने शोधली" हे मात्र कोणीही दाखवलेलं नाही. कृपया मला पाठवू नका.)

१८७५ मध्ये फ्रान्समध्ये लकॉक द ब्वाबोद्राँ याला एका-ॲल्युमिनियम सापडलं. त्याने नाव ठेवलं गॅलियम, आणि घनता मोजली ४.७. मेंडेलीव्हने कळवलं, की घनता ५.९ च्या आसपास असायला हवी, नमुना शुद्ध करून पुन्हा मोजा. मोजली. ५.९ आली. ज्याने पदार्थ हातातही घेतलेला नाही, तो पदार्थ हातात असलेल्या माणसाची चूक काढतो. हे पाठ करण्याच्या विषयात घडत नाही, नकाशा वाचता येणाऱ्याच्याच बाबतीत घडतं.

हे घरी करून बघण्यासारखं आहे. सारणीतलं जर्मेनियमचं घर कागदाने झाका. वर सिलिकॉन : अणुवस्तुमान २८.१, घनता २.३. खाली कथील : अणुवस्तुमान ११८.७, घनता ७.३. मुलांना सांगा, मधल्याचं भाकीत करा. साधी सरासरी काढली तर अणुवस्तुमान ७३.४ आणि घनता ४.८ येते. मग कागद उचला : ७२.६ आणि ५.३. मेंडेलीव्हने बाजूच्या घरांचाही विचार करून ७२ आणि ५.५ सांगितलं होतं, आणि १८८६ मध्ये विंकलरला जर्मेनियम सापडलं तेव्हा ते चांगलंच जुळलं. माझ्याकडच्या मुलांपैकी दोघांनी यानंतर आपणहून दुसरी घरं झाकायला सुरुवात केली. पोस्टर तेच होतं, ते वापरायची रीत बदलली.

पण मेंडेलीव्हचं कौतुक करताना त्याचं काय फसलं, हेही सांगायला हवं, आणि ते आपण सांगत नाही. एखादं घर नव्हे, एक अख्खा उभा स्तंभ त्याच्या नकाशात नव्हता. रॅले आणि रॅम्से यांनी १८९४ मध्ये हवेतून आर्गॉन वेगळा काढला, तेव्हा तो नवं मूलद्रव्य आहे हे मानायला मेंडेलीव्ह तयार नव्हता. त्याला वाटलं, हा तीन अणूंचा नायट्रोजन असेल. आर्गॉन अडचणीचाही होता. त्याचं अणुवस्तुमान ३९.९, पोटॅशियमचं ३९.१. वजनाच्या क्रमाने लावलं तर पोटॅशियम आधी येतं आणि जाऊन बसतं राजवायूंच्या रांगेत. पाण्यात टाकल्यावर जांभळट ज्वाळा काढत पेटणारा धातू, आणि शेजारी निऑन!

मोझलीने १९१३-१४ मध्ये क्ष-किरण वापरून हा गुंता सोडवला. प्रत्येक मूलद्रव्यातून निघणाऱ्या क्ष-किरणांची वारंवारता एका पूर्णांकाशी बांधलेली असते, आणि तो पूर्णांक म्हणजे केंद्रकावरचा धनप्रभार, प्रोटॉनची संख्या. क्रम वजनाचा नाही, या संख्येचा आहे. आर्गॉन १८, पोटॅशियम १९. विषय संपला. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९१५ मध्ये, मोझली गॅलिपोलीच्या लढाईत मारला गेला. तेव्हा तो २७ वर्षांचा होता.

मग आर्गॉन पोटॅशियमपेक्षा जड का? याचं उत्तर मला सारणीतल्या सगळ्या गोष्टींपेक्षा जास्त आवडतं. हवेत जवळपास १ टक्का आर्गॉन आहे, आणि त्यातला बहुतेक सगळा आर्गॉन-४० आहे. तो कुठून आला? खडकांतल्या पोटॅशियममधून. पोटॅशियम-४० हा किरणोत्सारी समस्थानिक, अर्धायुष्य सुमारे १२५ कोटी वर्षं. त्यातला साधारण दहावा भाग आर्गॉन-४० होतो, उरलेला कॅल्शियम. म्हणजे तुम्ही आत्ता घेतलेल्या श्वासातला आर्गॉन हा एकेकाळचा पोटॅशियम. रसायनशास्त्रज्ञांना ज्या दोन शेजाऱ्यांच्या वजनाने छळलं, त्यांतला एक दुसऱ्याचाच वंशज निघाला.

आता अणूच्या आत शिरू. इथे माझी दुसरी तक्रार आहे, आणि ही जास्त गंभीर आहे.

आपण सगळ्यांनी अणू म्हणून एक चित्र काढलं आहे. मध्ये केंद्रक, भोवती गोल कक्षा, कक्षांवर मणी. सूर्य आणि ग्रह. रदरफर्डने १९११ मध्ये केंद्रक दाखवून दिलं, तेव्हा हे चित्र सुचणं साहजिक होतं. पण ते चालत नाही, हे तेव्हाच्या भौतिकशास्त्रज्ञांना लगेच दिसलं होतं. फिरणारा प्रभार प्रकाशरूपाने ऊर्जा गमावतो. त्या हिशेबाने हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन सेकंदाच्या दहा हजार कोटीव्या भागाच्या आसपासच केंद्रकात कोसळला असता. तुम्ही, मी, ही खुर्ची, काहीच उरलं नसतं. बोरने १९१३ मध्ये ठरावीक कक्षांचा नियम घालून हायड्रोजनपुरती वेळ निभावून नेली. पुढच्या बारा-तेरा वर्षांत ती कक्षांची कल्पनाच सोडून द्यावी लागली. हे सगळं शंभर वर्षांपूर्वीचं. आमच्या नववीच्या वर्गात मात्र मणी अजून फिरतच होते, आणि त्या मुलीच्या वहीतही फिरत आहेत.

खरं चित्र कसं सांगावं? मी गुलालाचं उदाहरण देते. मिरवणुकीत एका जागेवरून गुलाल उधळला, तर मध्ये दाट, कडेला विरळ, आणि नेमकी कड अशी कुठेच नाही. इलेक्ट्रॉन कुठे सापडण्याची शक्यता किती, याचा नकाशा साधारण असा असतो. हा गुलाल किती पसरलेला, तेही सांगते. अणू केंद्रकाच्या काही दहा हजार ते एक लाख पट मोठा असतो. केंद्रक मोहरीच्या दाण्याएवढं मानलं, तर तो दाणा वानखेडेच्या खेळपट्टीवर आणि गुलाल सीमारेषेच्या आसपासपर्यंत.

मात्र हा गुलाल वाटेल तसा पसरत नाही, त्याला ठरावीक आकार आहेत. एस नावाचा आकार गोल, तो एकाच प्रकारे असू शकतो. पी हा डंबेलसारखा, तो तीन दिशांना ठेवता येतो. डी पाच प्रकारे, एफ सात प्रकारे. अशा प्रत्येक प्रकारात दोनच इलेक्ट्रॉन मावतात, त्याहून जास्त नाही. हा पाउलीचा १९२५ सालचा नियम. म्हणजे एसमध्ये २, पीमध्ये ६, डीमध्ये १०, एफमध्ये १४.

आता भिंतीवरच्या पोस्टरकडे बघा. डावीकडे दोन उभे स्तंभ. उजवीकडचा उंच भाग सहा स्तंभांचा. मधला खोलगट भाग दहा स्तंभांचा. खाली वेगळ्या काढलेल्या दोन पट्ट्या चौदाच्या (काही तक्त्यांत पंधरा घरं दिसतात; त्या एका घरावरून अजून वाद आहे). २, ६, १०, १४. सारणीचा तो वेडावाकडा किल्ल्यासारखा आकार कोणी सौंदर्यदृष्टीने काढलेला नाही. तो इलेक्ट्रॉनच्या आकारांचा हिशेब आहे. मेंडेलीव्हच्या काळातल्या लोकांनी क्षार आणि आम्लं हाताळत, तराजूत तोलत हा हिशेब जुळवत आणला, आणि इलेक्ट्रॉन सापडला त्यानंतर, १८९७ मध्ये. एवढी नवलाची गोष्ट मला विज्ञानात फार थोड्या ठिकाणी माहीत आहे.

आणि तो कवचांचा नियम, २, ८, १८, ३२? तोही इथूनच येतो. पहिल्या कवचात फक्त एस : १ प्रकार. दुसऱ्यात एस आणि पी : १ + ३ = ४. तिसऱ्यात १ + ३ + ५ = ९. चौथ्यात १ + ३ + ५ + ७ = १६. विषम संख्या क्रमाने मिळवत गेलं की वर्गसंख्या येतात, हे मुलांना गणितात माहीत असतं. प्रत्येकाची दुप्पट करा : २, ८, १८, ३२. आपण ज्याला सूत्र म्हणून घोकलं, ते सहावीतल्या मुलाला बेरीज करून मिळवता येतं.

आता एकोणिसाव्याकडे या.

कवचांत मावतात २, ८, १८, ३२. पण सारणीच्या आडव्या ओळी मोजा : २, ८, ८, १८, १८, ३२, ३२. (बेरीज करून बघा, ११८ येते.) पहिली सोडली तर प्रत्येक लांबी दोनदा. याचा अर्थ कवच आणि ओळ ही एकच गोष्ट नव्हे. आठ दुसऱ्यांदा का येतो? कारण अठरा इलेक्ट्रॉन झाले, की तिसऱ्या कवचाचा डी रिकामा असताना एकोणिसावा चौथ्या कवचाच्या एसमध्ये जाऊन बसतो. त्या मुलीने नेमकं तिथे बोट ठेवलं होतं जिथे सारणी वळते.

तो तिथे का बसतो? हायड्रोजनमध्ये एकच इलेक्ट्रॉन असतो, तिथे गर्दी नाही, आणि तिथे तिसरं कवच सरळ चौथ्याच्या खाली असतं. पोटॅशियममध्ये आधीच अठरा जण आत आहेत आणि ते केंद्रकाचा धनप्रभार झाकून टाकतात. बाहेरच्याला केंद्रकाची ओढ किती जाणवणार, हे तो या गर्दीच्या आत कितपत शिरतो यावर ठरतं. तुम्ही परदेशात आहात, म्हणून उदाहरणही तसंच देते. चौथ्या कवचाचा एस हा दूरदेशी राहणारा पण दर गणपतीला घरी येऊन थेट देवघरात बसणारा नातेवाईक आहे. सरासरी काढली तर तो लांबच राहतो, पण अधूनमधून अगदी केंद्रकापर्यंत जाऊन येतो. तिसऱ्या कवचाचा डी त्याच तालुक्यात राहतो, पण उंबरा ओलांडून आत असा जवळजवळ येतच नाही. घराची ओढ कोणाला जास्त? पोटॅशियमपुरतं बोलायचं तर दूरच्याला. ओढ जास्त म्हणजे ऊर्जा कमी, आणि इलेक्ट्रॉन कमी ऊर्जेच्या जागी बसतो.

बस. एवढंच उत्तर आहे. यात एकही समीकरण नाही, आणि माझ्या मते यात मुलांशी खोटं असं काही बोललेलं नाही. त्या दिवशी मी हे पाच मिनिटांत सांगितलं.

यावर तिच्या वडिलांनी, आणि नंतर आणखी दोघा पालकांनी, जे म्हटलं तेही प्रामाणिकपणे मांडायला हवं. पहिलं म्हणणं : मुलांना आधी सोपं सांगावं, मग खरं. मला सोपं चालतं. मणी काढा, २, ८, ८ शिकवा, कॅल्शियमपर्यंत ते बरं चालतं. पण त्याच पानावर लिहा, की हे चित्र विसाव्या मूलद्रव्यापर्यंतच वापरायचं आहे, त्यापुढे दुसरं लागेल. नकाशावर "इथून पुढे मोजणी झालेली नाही" असं लिहिलेलं असलं, तर माणूस सावध चालतो. आपण ते लिहीत नाही, त्यामुळे हुशार मूल वीस ओलांडतं आणि त्याला वाटतं, चूक आपलीच आहे. मला तसंच वाटलं होतं. नववीनंतर कितीतरी दिवस मी रसायनात प्रश्न विचारले नाहीत.

दुसरं म्हणणं परीक्षेचं. इकडच्या शाळांत मोठ्या वर्गांना परीक्षेत सारणी छापूनच देतात, त्यामुळे पाठ करण्याचा मुद्दा तितकासा उरत नाही. तरी मी पाठांतराच्या विरोधात नाही. पाढे पाठ असलेले बरे, तशी पहिली वीस मूलद्रव्यं पाठ असलेली बरी. त्यांच्यासोबत गण १, २, १७ आणि १८ वरून खाली म्हणता आले पाहिजेत. उभे, आडवे नव्हे. ओगॅनेसॉनचा अणुअंक सहा वर्षांच्या मुलाने पाहुण्यांसमोर सांगितला, तर टाळ्या मिळतील. पण त्याने तेवढ्याच वेळात लिथियम, सोडियम, पोटॅशियम म्हटलं असतं, तर पुढे उपयोग झाला असता.

उपयोग म्हणजे काय, तेही सांगते, कारण उभ्या स्तंभांची किंमत फक्त गुणांत नाही. १९५० च्या दशकात उघड्या हवेत अणुचाचण्या चालू होत्या आणि त्यांतून स्ट्रॉन्शियम-९० सगळीकडे पसरत होतं. सारणीत स्ट्रॉन्शियम कॅल्शियमच्या बरोबर खाली आहे. बाहेर तेच दोन इलेक्ट्रॉन, वागणं तसंच. गवतातून गायीत, गायीतून दुधात, दुधातून मुलांच्या हाडांत आणि दातांत. शरीराला ते कॅल्शियमसारखंच वाटतं. ज्याला स्तंभ वाचता येतो, त्याला धोका कुठे शोधायचा हे कळतं. अमेरिकेत सेंट लुइस इथे १९५८ मध्ये डॉक्टर, शास्त्रज्ञ आणि नागरिकांनी मिळून मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करायला सुरुवात केली. लाखो दात जमले. नंतर जन्मलेल्या मुलांच्या दातांत स्ट्रॉन्शियम-९० वाढत गेलेलं दिसलं. उघड्यावरच्या चाचण्यांवर बंदी घालणारा करार १९६३ मध्ये झाला, आणि त्यामागच्या लोकमतात या दातांचाही वाटा होता.

माझं स्वतःचं काम बॅटऱ्यांचं आहे, आणि तिथे तर आम्ही गण १ मध्येच राहतो. लिथियम महाग आणि मोजक्या जागी मिळतं, म्हणून त्याच्या खालचं सोडियम वापरू या, हा विचार सारणी बघूनच सुचतो. बाहेर एकच इलेक्ट्रॉन, तो सहज सुटतो. पण स्तंभ म्हणजे छापील प्रती नव्हेत. लिथियमला सामावून घेणारं ग्राफाइट सोडियमला जवळपास घेतच नाही. साहजिकच वाटतं, सोडियम मोठं म्हणून. पण त्याहून मोठं पोटॅशियम ग्राफाइटमध्ये छान शिरतं! कारण निव्वळ आकारात नाही, ऊर्जेच्या जमाखर्चात आहे, आणि त्या जमाखर्चात सोडियमच तेवढं अडतं. असे अपवाद सारणीत बरेच आहेत. क्रोमियम आणि तांबं एसमधला एक इलेक्ट्रॉन काढून डीमध्ये टाकतात. स्कँडियमपासून पुढे डीची ओढ वाढत जाते आणि माझ्या नातेवाइकाची गोष्ट लंगडी पडू लागते. हेही मी मुलांना सांगते. लपवलं, तर मीही "तसंच असतं" म्हणणाऱ्यांतलीच.

गेल्या रविवारी ती मुलगी पुन्हा थांबली. या वेळी तिने सारणीचे एस, पी, डी, एफ असे चार भाग चार रंगांनी रंगवून आणले होते. सगळं बरोबर होतं, फक्त वरच्या उजव्या कोपऱ्यातलं एक घर तिने कोरं ठेवलं होतं. हेलियम. दोनच इलेक्ट्रॉन, दोन्ही एसमध्ये. मग तो डावीकडे बेरिलियमच्या डोक्यावर हवा, इकडे निऑनच्या वर काय करतोय?

मी सांगितलं, की वागणुकीवरून त्याला इकडे बसवलं आहे, कशाशीच संयोग न करणारा म्हणून. आणि त्याला बेरिलियमवर नेऊन बसवावं, असं म्हणणारे शास्त्रज्ञ आजही आहेत. तिने थोडा विचार केला आणि तो चौकोन अर्धा एका रंगाने, अर्धा दुसऱ्याने भरला. वडील मागे उभे राहून बघत होते. किल्ली खिशात होती.

"मग इलेक्ट्रॉनवरून बघायचं, की वागण्यावरून?" त्यांनी मला विचारलं.